वाचनात मागे पडणाऱ्या मुलासाठी शाळेत सपोर्ट प्लॅन कसा बनवायचा

वर्गातलं एखादं मूल वाचनात मागे पडतंय हे बहुतेक टीचर्सच्या लवकरच लक्षात येतं, पण कागदावर येतं ते "लक्ष देत नाही", "कच्चा आहे", "घरी अभ्यास घेत नाहीत" असं काहीतरी, आणि त्यावरून पुढे कुणालाच काही करता येत नाही. म्हणून आयईपी (त्या एका मुलासाठीचा लेखी शिक्षण-आराखडा), रिपोर्ट वगैरे नंतर बघू, आधी मूल नेमकं कुठे अडतं ते लिहा.

मुलाला शेजारी बसवा, दहा मिनिटं पुरतात. एक इयत्ता खालचा उतारा द्या, त्याचीच झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा आणि मूल जे वाचेल ते जसंच्या तसं वर लिहीत जा, मधे सुधारू नका. जोडाक्षर आलं की 'पुस्तक'चं 'पुतक' होतंय का, काना-मात्रा सुटतायत का, की पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतंय, म्हणजे लिहिलंय 'पाऊल' आणि मूल म्हणतं 'पाऊस'. हे तिन्ही वेगळे प्रॉब्लेम आहेत, त्यांच्यावरचं कामही वेगळं. मग पुस्तक मिटून फक्त तोंडी विचारा, 'बादली'तला 'बा' काढला तर काय उरतं? खूप मुलं इथेच अडकतात, शब्दातले आवाज सुटे करता येत नाहीत, आणि डिस्लेक्सियाचं, म्हणजे शब्द वाचण्या-लिहिण्यात टिकून राहणाऱ्या अडचणीचं मूळही मुख्यतः इथेच असतं, डोळ्यांत नाही. एखादं अक्षर उलटं काढलं की लगेच डिस्लेक्सिया म्हणू नका, सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं तसं करतात.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तीच बऱ्याचदा राहून जाते. तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं समजतं पण वाचून नाही, तर अडचण अक्षरं उलगडण्यात आहे. ऐकूनही समजत नसेल तर भाषेवर काम लागेल, स्पीच थेरपिस्टला दाखवावं लागेल, तिथे नुसता वाचनाचा सराव घेऊन काही होणार नाही. १९८६ मध्ये गफ आणि टनमर या वाचनाच्या संशोधकांनी हेच मांडलं होतं की वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा कळणं, एक बाजू शून्य तर उत्तर शून्य.

ह्याच आठवड्यात कान आणि डोळे तपासून घ्यायला पालकांना सांगा. लांबचा तक्ता नीट वाचला म्हणजे जवळचंही नीट दिसतं असं नसतं. आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर मूल एक दिवस ऐकतं, दुसऱ्या दिवशी नाही, सगळे म्हणतात मुद्दाम करतं. रंगीत काचांचे चष्मे मात्र घ्यायला लावू नका, त्यांनी वाचन सुधारतं असा पुरावा नाही, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये मिळून हे स्पष्ट सांगितलंय.

आता टार्गेट. "वाचन सुधारेल" हे टार्गेट नाही. "सहा आठवड्यांनी काना आणि वेलांटीचे न पाहिलेले २० शब्द दिले तर १८ बरोबर वाचेल" हे टार्गेट. एका वेळी एक, फार तर दोन. मी असे प्लॅन पाहिलेत ज्यात बारा-बारा टार्गेट असतात आणि वर्ष संपेपर्यंत एकालाही कुणी हात लावलेला नसतो.

काम रोज, पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा हे खूप बरं. आधी आवाज, मग त्याचं अक्षर, बोटाने गिरवताना तोंडाने म्हणायचं, मग त्याच अक्षरांचे शब्द आणि शेवटी त्याच शब्दांचं छोटं वाक्य. नवीन थोडं, जुनं जास्त. बघणं, ऐकणं, हात चालवणं हे सगळं एकत्र घेऊन पायरीपायरीने शिकवायची ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी बसवली, अजूनही रिसोर्स रूममध्ये (अशा मुलांना वेगळी मदत देण्याच्या शाळेतल्या खोलीत) वापरली जाते.

दर शुक्रवारी एक मिनिटाचं वाचन घ्या, बरोबर शब्द मोजा, तारीख घालून वहीत लिहा. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही तर तुमची पद्धत बदला, पायरी लहान करा, मुलाला बोलणी खायला लावू नका.

हे चालू असताना वर्गातही सवलत लागतेच, कारण वाचन सुधारेपर्यंत विज्ञान, इतिहास थांबत नाहीत. प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, वेळ जास्त द्या, फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील द्या. आणि सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला लावणं आजपासून बंद, कृपया. वाचायला द्यायचंच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी द्या.

पालकांशी बोलताना वही समोर ठेवा, आधी मुलाला काय जमतं ते दाखवा, मग कुठे अडतं. आजाराचं नाव तुम्ही घेऊ नका, ते काम तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाचं. पण "थांबा, मोठं झालं की येईल" असंही सांगू नका. नेमकी मदत देऊनही अडचण सहा महिने टिकली तर डीएसएम-५ (तज्ज्ञ निदानासाठी वापरतात ते अमेरिकन मॅन्युअल) प्रमाणे लर्निंग डिसऑर्डरचा, म्हणजे शिकण्यातल्या अडचणीच्या निदानाचा विचार होतो, त्यामुळे तपासणीला पाठवताना ही वही सोबत द्या, काय केलं आणि कितीने फरक पडला हे त्यांना हवंच असतं. वर्ष बदललं की तीच वही पुढच्या टीचरच्या हातात द्या, आणि त्या मुलासोबत काय चालतं, काय नाही हे दोन मिनिटं समोर बसून सांगा.