तेरड्याच्या परागनलिकेत स्रावी पुटिकांचं काम कसं पाहावं

‘गॉल्जी संकुल स्रावी पुटिका तयार करते’ हे वाक्य माझ्या अकरावीच्या मुलांना तोंडपाठ असतं. गॉल्जी संकुल हा पेशीतला एक भाग आणि पुटिका म्हणजे पटलाची इवलीशी पिशवी. त्या पुटिका पुढे करतात काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. रत्नागिरी जिल्ह्यात एकोणीस वर्षं जीवशास्त्र शिकवताना हा गप्पपणा मला दरवर्षी भेटला आहे. म्हणून भाद्रपदात जांभ्याच्या गडग्यांवर तेरडा फुलला की मी फुलं घेऊनच वर्गात जाते.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून टाका: पुटिका दिसणार नाही. तिचा व्यास साधारण 0.2 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, आणि प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक तिथेच हात टेकतो. आपण बघायचं ते तिचं काम.

परागनलिका म्हणजे परागकण रुजला की त्यातून निघणारी बारीक नळी. तीच का? कारण ती फक्त टोकाशी वाढते, त्यामुळे कुठे बघायचं हे नक्की असतं. भित्तिकेसाठी, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीसाठी, लागणारं पेक्टिन हे चिकट द्रव्य गॉल्जी संकुलात तयार होतं, पुटिकांमध्ये भरलं जातं आणि ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून टोकाकडे नेलं जातं. तिथे पुटिकेचं पटल पेशीच्या पटलात मिसळतं आणि आतलं पेक्टिन बाहेर पडतं. म्हणजे एका पुटिकेतून दोन गोष्टी मिळतात: आतला माल भित्तिकेला आणि तिची स्वतःची कातडी पेशीपटलाला. धड्यात पहिलीच गोष्ट ठळक असते, दुसरी सुटते. माझा सगळा आग्रह या दुसरीसाठी आहे.

परागनलिका पहिल्यांदा पाहिली जिओवानी बत्तिस्ता आमिची या इटालियन संशोधकाने. 1824 मध्ये त्याने ते निरीक्षण प्रसिद्ध केलं. वनस्पती होती पोर्टुलाका, म्हणजे आपली घोळाची भाजी! हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

आता द्रावण. ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी 1963 मध्ये दिलेली कृती आजही चालते. 100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साखर 10 ग्रॅम, बोरिक ॲसिड 10 मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट 30, मॅग्नेशियम सल्फेट 20 आणि पोटॅशियम नायट्रेट 10 मिलिग्रॅम. साखर घरातली चालते. 10 मिलिग्रॅम आपल्या तराजूवर मोजता येत नाही, म्हणून प्रत्येक क्षाराचं शंभरपट दाट द्रावण वेगळ्या बाटलीत करून ठेवा. उदाहरणार्थ, 1 ग्रॅम बोरिक ॲसिड 100 मिलिलिटर पाण्यात. सुई काढलेल्या सिरिंजने त्यातलं 1 मिलिलिटर घेतलं की बरोबर 10 मिलिग्रॅम येतं. पहिल्या वर्षी मी बोअरचं पाणी वापरलं आणि बत्तीस मुलांसमोर एकही कण रुजला नाही. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं, तेच आणा.

बोरिक ॲसिड आणि कॅल्शियम वगळू नका. बोरॉन पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना जोडतो. नुकतंच ओतलेलं पेक्टिन मऊ असतं. मागे पडत गेलं की विकर (एन्झाइम) त्यात बदल करतात, कॅल्शियम त्याला बांधून घेतं आणि भित्तिका कडक होते. त्यामुळे नलिकेच्या बाजू ताठ, टोक मऊ.

फूल सकाळचं, त्याच दिवशी उमललेलं घ्या. पावसात भिजलेलं नको. तेरड्याचे परागकोश फुलाच्या तोंडाशी एकत्र जुळलेले, टोपीसारखे असतात. ती टोपी काचपट्टीवरच्या थेंबावर हलकेच टेकवा. कण फार थोडे पडले तर नीट रुजत नाहीत, दाटीत चांगले रुजतात. झाकणकाच लगेच ठेवू नका, कणांना हवा लागते. ताटलीत ओला टिपकागद, त्यावर दोन आगकाड्या, आडवी काचपट्टी आणि वर वाटी पालथी. तेरडा फार वाट पाहायला लावत नाही. अर्ध्या तासाच्या आत नलिका दिसू लागतात. तेव्हा झाकणकाच ठेवून आधी 10x आणि मग 40x वस्तुभिंगाखाली पाहा.

घाई न करता एकच नलिका धरा. आतले दाणे कडेकडेने टोकाकडे जातात आणि मधून परत येतात, उलट्या कारंज्यासारखे. अगदी टोकाशी मात्र ते पोचत नाहीत. तो छोटासा भाग काचेसारखा स्वच्छ दिसतो. मोठी अंगकं, म्हणजे पेशीच्या आतले मोठे घटक, तिथे शिरत नाहीत, तिथे पुटिकांची गर्दी असते. त्या दिसत नाहीत म्हणूनच तो भाग रिकामा वाटतो. तो रिकामा नाही हे मुलांना पटेपर्यंत मी पुढे जात नाही.

मग हिशेब. डोळ्याच्या भिंगात मोजपट्टी नसेल, तर दहा मिनिटांत नलिका आपल्या जाडीच्या किती पट वाढली ते पाहा. समजा जाडी 10 मायक्रोमीटर आणि वाढ मिनिटाला 5 मायक्रोमीटर. नवा पृष्ठभाग 3.14 × 10 × 5, म्हणजे 157 चौरस मायक्रोमीटर. 0.2 मायक्रोमीटर व्यासाच्या पुटिकेची कातडी 0.126 चौरस मायक्रोमीटर. भागाकार केला की मिनिटाला सुमारे साडेबाराशे पुटिका येतात, सेकंदाला वीस! प्रत्यक्षात याहूनही जास्त लागतात, कारण भित्तिकेला पेक्टिन जास्त हवं असतं. उरलेलं पटल पेशी पुन्हा आत ओढून घेते.

पडताळा हवा असेल तर एकाच वेळी दोन काचपट्ट्या करा. नलिका दिसू लागल्या की एक टेबलावर ठेवा, दुसरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पंधरा मिनिटं. बाहेर काढल्यावर लगेच बघा: दाण्यांची ये-जा मंदावलेली, नलिका आखूड. वाढ थांबली की टोकाचा स्वच्छ भागही टिकत नाही, दाणे तिथवर येऊन पोचतात.

काही नलिका टोकाशी फुटून आतलं सगळं बाहेर सांडेल. मुलं हळहळतात. पट्टी फेकू नका, नलिका नेमकी कुठे फुटली ते बघायला लावा.

जर्नलमध्ये आकृती काढताना पुटिकांची टिंबं काढू देऊ नका, कारण त्या कुणी पाहिलेल्या नाहीत. टोक, स्वच्छ भाग, दाण्यांची दिशा बाणांनी, शेजारी वेळ आणि लांबी, एवढंच हवं. पुटिका येतील त्या आकृतीखालच्या गणितात.