कार्बाईनची हौस, ४.५ मिमीची रायफल: बेळगाव भागातल्या नव्या नेमबाजासाठी

पिस्तुलाची गोळी वापरणारी आखूड रायफल, म्हणजे कार्बाईन, परदेशातल्या हौशी नेमबाजांची लाडकी आहे. आपल्याकडे कार्बाईन म्हटलं की बंदोबस्तातल्या पोलिसाच्या खांद्यावरची ९ मिमीची स्टर्लिंग डोळ्यांसमोर येते, आणि ती तिथेच राहणार. ९ मिमी हा भारतात निषिद्ध बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आहे. हौसेखातर त्याचा परवाना मिळत नाही. ‘करून देतो’ म्हणणारा कुणी भेटलाच तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

पण त्या कार्बाईनमध्ये लोकांना आवडतं काय? धक्का कमी, वजन बेताचं, गोळी स्वस्त, आणि सकाळभर मारत बसलं तरी खांदा दुखत नाही. हे सगळं ४.५ मिमीची एअर रायफल देते, म्हणजे आपली छऱ्याची बंदूक. फक्त जत्रेत फुगे फोडायला ठेवलेली बंदूक मनातून काढून टाका. तिची नळी झिजलेली आणि नेम धरायची साइट वाकलेली असते. तिच्यावरून एअर रायफलची पारख करणं म्हणजे भाड्याच्या सायकलवरून सायकलिंगची पारख करणं.

परवाना कधी लागतो

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे दोन आकडे बघायचे: बोअर ४.५ मिमी, म्हणजे .१७७ इंच, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूल. यातला एकही आकडा ओलांडला की परवाना आला. त्यामुळे ५.५ मिमीची एअर रायफल कितीही मवाळ असली तरी विनापरवाना चालत नाही, दुकानदार काहीही सांगो. घेताना आधार कार्डाची झेरॉक्स न्या आणि पक्कं बिल घ्या. बिलावर बोअर, मॉडेल आणि रायफलचा नंबर लिहून घ्या. उद्या कुणी अडवलं तर तेच बिल कामाला येतं.

बारुदाची .२२ रायफल परवान्यावर मिळते, पण अर्ज, पोलीस चौकशी, परवान्यावर काडतुसांची नोंद, आणि आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा, असा सगळा व्याप आहे. पहिली दोन वर्षं तिच्या नादी लागू नये. दहा मीटरवर जो शिकला नाही तो पन्नासवर शिकत नाही.

खोक्यावरचा वेग

नवा माणूस इथेच फसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० फूट प्रतिसेकंद’ लिहिलेलं असतं. तो वेग बहुतेक वेळा हलक्या, शिसं नसलेल्या छऱ्यावर मोजलेला असतो. हिशोब सोपा आहे: छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले मीटर-प्रतिसेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले २०००. ०.३५ ग्रॅमचा छर्रा ३०५ मीटरने, म्हणजे हजार फुटांनी, गेला तर ऊर्जा साधारण १६ ज्यूल. त्याच रायफलमध्ये नेहमीचा ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा घातला तर तेवढ्याच ऊर्जेत वेग २५० मीटरच्या आसपास येतो. म्हणजे खोक्यावरचे हजार फूट प्रत्यक्षात सव्वाआठशे. शिवाय आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मीटरच्या आसपास गेलेला हलका छर्रा हेलकावे खातो आणि नेम विस्कटतो.

ऑलिंपिकच्या दहा मीटर रायफली जेमतेम साडेसात ज्यूलच्या असतात. छर्रा साधारण १७० मीटरने जातो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर बसतो. तेव्हा ताकद हे निवडीचं माप नव्हे. कागदावर मारायचं असेल तर १० ते १२ ज्यूलची मऊ रायफल ही १९ ज्यूलच्या धसमुसळ्या रायफलीपेक्षा केव्हाही सरस. ती ओढायला हलकी असते, तिचा धक्का कमी असतो आणि स्प्रिंगही जास्त टिकते.

स्प्रिंग, गॅस की भरलेली हवा

नळी मोडून स्प्रिंग ओढायची रायफल ही पहिली रायफल म्हणून योग्य. तिला पंप नको, सिलिंडर नको, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातला चांगला फिटरही तिची स्प्रिंग आणि हवा अडवणारा वायसर बदलू शकतो. दोष एकच, पण मोठा: चाप ओढल्यावर आतला पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल आधी मागे आणि मग पुढे हलते. म्हणून ती घट्ट आवळून धरली की नेम चुकतो. पुढचा दस्ता उघड्या तळव्यावर नुसता टेकवायचा आणि खांद्याला हलकी लावायची. ही सवय लागायला पाचेकशे छर्रे जातात. तोवर रायफलला दोष देऊ नये.

स्प्रिंगऐवजी गॅसचा दट्ट्या असलेल्या रायफली थोड्या शांत असतात आणि ओढून ठेवल्या तरी स्प्रिंग बसण्याची भीती नसते. पण दट्ट्याची गॅस गेली की तो पूर्ण बदलावा लागतो.

आधीच हवा भरून ठेवायच्या, म्हणजे पीसीपी रायफलींना जवळपास धक्काच नसतो. भारतात प्रेसिहोलसारखे उत्पादक अशा रायफली बनवतात, आणि नेम लगेच सुधारतो हेही खरं. मात्र २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हातपंपाने हवा भरणं म्हणजे व्यायामच आहे. दर पन्नास-साठ वेळा पंप मारल्यावर तो थंड होऊ द्यावा लागतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जुलैत हवेतच पाणी असतं, आणि ते पंपातून थेट सिलिंडरमध्ये जातं. आत गंज धरतो, झडप गळू लागते. पंपावर ओलावा शोषणारी डबी असेल तर तिच्यातले दाणे रंग बदलले की लगेच सुकवा. ज्याला हे जमणार नाही त्याने स्प्रिंगच घ्यावी.

१२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड काडतुसांवरच्या बंदुका दिसायला कार्बाईनसारख्या असतात, म्हणून पोरांना भुरळ पडते. त्यातला दाब तापमानावर चालतो: ३० अंशाला साधारण ७२ बार, १० अंशाला ४५. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी आणि एप्रिलातल्या दुपारी एकच बंदूक दोन वेगवेगळ्या उंचीवर मारते. गंमत म्हणून ठीक, नेम शिकायला नाही.

दुकानात काय तपासायचं

आधी माप. चाप धरायच्या हाताचं कोपर काटकोनात वाकवा आणि दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे. प्रौढ माणसाला चापापासून बुडापर्यंत ३४-३५ सेंटीमीटर लागतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर आखूड दस्ता घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठी घेतली की मान वाकडी करून नेम धरायची सवय लागते, ती नंतर सुटत नाही.

मग ओढायची ताकद. नळीच्या टोकाला लगेज काटा लावून पाहिला तर मऊ रायफल १२ ते १५ किलोवर ओढली जाते, कडक १८-२० च्या पुढे जाते. दुकानात तीनदा ओढून ठरवू नका. एका सरावात साठ छर्रे धरा, म्हणजे साठ वेळा. विसाव्या वेळेला हात थरथरणार असेल तर पुढचे चाळीस छर्रे वायाच.

नळी बंद केल्यावर सांध्याजवळ धरून आडवी हलवा. जराही खेळ नको, कारण तिथला केसाएवढा खेळ दहा मीटरवर बोटभर होतो. नळीच्या तोंडाशी बॅटरी धरून काठ बघा. एक चरा जरी असला तरी छर्रा तिरका निघतो. छर्रा न घालता चाप ओढून दाखवणाऱ्या दुकानदाराला थांबवा. समोर हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट भिंतीवर आपटतो आणि वायसर फाटतो. दिवसातून दहा गिऱ्हाइकांना असं दाखवलेली काउंटरवरची रायफल घेऊ नये, खोक्यातली मागावी.

जुनी घेत असाल तर एक तपासणी चुकवू नका. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी नळीच्या सांध्यावर ठेवा आणि छर्रा घालून मारा. पट्टी फडफडली तर हवा सांध्यातून गळतेय. ते रबर बदलणं किरकोळ काम आहे, पण त्यावर भाव उतरवून घेता येतो. ओढताना करकर आवाज आला तर स्प्रिंग वाकडी झालीय, आणि ते काम मोठं.

चाप एक ते दीड किलोवर सुटावा. त्याहून कडक असेल तर ओढताना रायफल उजवीकडे जाते.

साइट, दुर्बीण आणि छर्रे

पहिले सहा महिने उघड्या साइटवरच मारा. दुर्बीण लावायचीच असेल तर ती एअर रायफलसाठीचीच हवी. बारुदाच्या रायफलची दुर्बीण फक्त मागचा धक्का सोसायला बनवलेली असते. स्प्रिंग रायफलचा उलटसुलट धक्का तिच्या आतल्या काचा सैल करतो. शिवाय तिचा फोकस ९०-१०० मीटरला बांधलेला असतो, दहा मीटरवर कागद धूसर दिसतो आणि डोळा जरा सरकला की नेमाचा बिंदूही सरकतो. पुढची भिंगाची कडी फिरवून दहा मीटरला फोकस होणारी घ्या. खाली रुळावर अडवणारा खिळा असलेली माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारी पकड, घ्या, नाहीतर शंभर छऱ्यांत दुर्बीण मागे सरकते.

कागदासाठी चपट्या तोंडाचे छर्रे. ते गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण मोजणं सोपं जातं. टोकदार छर्रे दिसायला जोरदार, पण नेमाला सर्वांत वाईट. पाचशेचा डबा घ्यायच्या आधी तीन प्रकारांचे थोडे थोडे छर्रे घ्या आणि दहा मीटरवर मऊ उशीवर रायफल टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे मारा. ज्याची पाच भोकं एक सेंटीमीटरमध्ये बसली तो तुमच्या रायफलचा छर्रा. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला दुसराच छर्रा मानवू शकतो. छऱ्याचा मागचा घेर पातळ असतो, खिशात मोकळे टाकले की चेपतो, आणि चेपलेला छर्रा कुठेही जातो.

मारायचं कुठे

अंतर १० मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. अडचण मागच्या आडोशाची. आपल्याकडच्या परसाची भिंत जांभ्या दगडाची. छर्रा तिच्यावरून उलटा येतो आणि कुठे येईल त्याचा नेम नाही. एक फूट लांबी-रुंदीचं, खोल लाकडी खोकं घ्या, मागे ३ मिमीचा पत्रा लावा आणि जुन्या गोधड्या, चिंध्या ठासून भरा. पुढे पुठ्ठा आणि त्यावर कागद. चिंध्यांना मधोमध बोगदा पडतो, म्हणून दोन-तीनशे छऱ्यांनी उलटसुलट करा. मारणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवाच.

उसाचा फड हा आडोसा नाही. चुकलेला छर्रा तीनशे मीटरपुढेही जाऊ शकतो, आणि निपाणी-चिकोडी भागात तोडणीच्या हंगामात फडात माणसं आणि बैल कुठे आहेत ते बाहेरून दिसत नाही.

पाखरांवर मारायचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा एअर रायफललाही लागू आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा. पिशवीत बंद असली तरी.

देखभालीत होणारी मोठी चूक

ओढताना आवाज येतो म्हणून लोक हवेच्या भोकात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडतात. पुढच्या बाराला धूर आणि फटाक्यासारखा आवाज येतो, पोरं खूष होतात. आत काय होतं? दाबलेली हवा तापते, तेल पेट घेतं, वायसर जळतो आणि पिस्टनला उलटा तडाखा बसून स्प्रिंग मोडते. नव्या रायफलला पहिल्या चाळीस-पन्नास छऱ्यांत थोडा धूर येतो, तो कारखान्यातल्या तेलाचा, आपोआप जातो. तेल फक्त बाहेरून, फडक्याने पुसायचं. पावसाळ्यात दर आठवड्याला पुसा, आणि फोमच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. फोम ओलावा धरतो आणि नळीवर लाल ठिपके उठतात. दस्त्याचे स्क्रू दर दोनशे छऱ्यांनी तपासा. अचानक नेम विस्कटला तर नव्वद टक्के वेळा तेच सैल झालेले असतात.

छर्रा घालताना उघडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरा. चाप चुकून सुटला तर नळी बोटांवर मिटते. मारून झाल्यावर साबणाने हात धुवा, शिसं पोटात जायला नको.

पुढे जायचं असेल तर

कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटरवर आहे, आणि तिथलं नेमबाजीचं वातावरण वेगळं आहे. २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पॅरिस २०२४ मध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे, सगळे तिकडचेच. मावळंकर स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता जातो. ज्यांच्या नावाने ती भरते ते गणेश वासुदेव मावळंकर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक होते. कोणत्या राज्याकडून उतरायचं हे सीमेवरच्या माणसाने सरावाआधीच ठरवावं आणि त्याच राज्य संघटनेचं सदस्यत्व घ्यावं. सराव कोल्हापूरला आणि आधारवरचा पत्ता बेळगावचा, हा घोळ अर्ज भरताना निघतो.

राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून रायफल नेताना ती छर्रा नसलेली, न ओढलेली, पिशवीत आणि डिकीत असावी. बिल गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिवसाच्या, आसपास आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना शहरात जमावबंदी लागू शकते, हत्यार बाळगण्यावर बंदी येऊ शकते. त्या दिवसांत तपासणीच्या पोलिसाला एअर रायफल आणि रायफल यातला फरक रस्त्यावर समजावत बसावं लागेल. रायफल घरीच ठेवा.