गोव्यात कॉलेजला येणाऱ्यांसाठी: कॅन्टीन, मेस आणि दुपारचं जेवण

गोव्यात प्रवेश मिळाला की मुलं हॉस्टेलची चौकशी करतात, बसची करतात, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं तेही विचारतात. खायचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही. मी दोडामार्गहून फोंड्याला शिकायला आले आणि पुढे आमच्या कॉलेजच्या कॅन्टीन समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून काम केलं. वर्गात लक्ष लागणं-न लागणं सकाळच्या खाण्यावर किती अवलंबून असतं, ते तिथे रोज दिसायचं. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

इथली बरीच मुलं हॉस्टेलवर राहत नाहीत, घरून ये-जा करतात. वाळपई, सांगे, काणकोण, पेडणे, शिवाय सीमेपलीकडून बांदा-सावंतवाडी. सकाळची कदंबा (गोव्याची सरकारी बस) पकडायची तर घरी चहा आणि फार तर एखादा पाव होतो. त्यामुळे दिवसातलं पहिलं खरं खाणं पडतं कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत, दहा-साडेदहाच्या सुमारास. घरी ही पेजेची वेळ. पोटाला तीच सवय असते आणि हातात मिनिटं असतात जेमतेम वीस.

समितीवर आल्यावर आम्ही वर्गावर्गांत जाऊन विचारलं, कॅन्टीनमध्ये काय हवं? उत्तरं ठरलेली: मोमो, शावर्मा, चायनीज, कोल्ड कॉफी. ती यादी करून कॅन्टीनवाल्याकडे नेली असती तर काहीही बदललं नसतं. मग आमच्यातल्या एकीने प्रश्न फिरवला: "काल काय खाल्लंस, किती वाजता, कुठे?" तेव्हा खरं बाहेर आलं. कित्येकांनी काहीच खाल्लं नव्हतं. कूपनची रांग संपेपर्यंत घंटा झाली. प्रॅक्टिकल चारला सुटलं, तोवर भाजी संपली होती. एका मुलीने सांगितलं की ती पाणी पिऊन लेक्चरला बसते, कारण काउंटरवर मुलांची गर्दी असते आणि तिला आत शिरता येत नाही. ते ऐकल्यावर मोमोचा विषय आमच्यापुरता संपला. तुम्ही समितीत आलात तर हाच प्रश्न विचारा. काय आवडतं ते विचारून खाण्याची अडचण कळत नाही.

मुलांना हवं होतं ते साधं होतं. गरम भाजी-पाव, तोही लगेच. गोव्यात भाजी-पाव म्हणजे मुंबईची पावभाजी नव्हे, हे बाहेरून येणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं. इथे पातळ भाजी, सुकी भाजी, चण्याची, अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) असते. दोन एकत्र हव्या असतील तर "मिक्स" म्हणायचं. सोबत मिरचीची भजी किंवा बन्स, म्हणजे केळ्याची गोडसर पुरी. आम्ही एवढंच मागितलं की सुट्टीच्या पाच मिनिटं आधी बशा भरून ठेवाव्यात आणि चहा-बन्ससाठी कूपनाशिवाय वेगळी खिडकी असावी. खिडकी झाली आणि रांग जवळपास निम्म्यावर आली. दुपारच्या पावाची तक्रार मात्र राहिली. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी लवकर येतो आणि मग थेट संध्याकाळी. मधल्या वेळेचा पाव सकाळचाच असणार. वर्गांनंतर उशिरापर्यंत थांबणाऱ्यांनी पोळी घ्यावी; ही चपाती नव्हे, गोव्याचा कोंड्याचा गोल पाव. कोंड्याची पोळी मऊ पावापेक्षा पोटाला जास्त वेळ धरते, हा माझा अनुभव.

कॅन्टीनवाल्याची बाजूही माहीत हवी, नाहीतर बोलणं भांडणावर जातं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने वर्षात किमान १८० दिवस शिकवणं व्हावं लागतं. चतुर्थी, दिवाळी, नाताळ, परीक्षा, उन्हाळ्याची सुट्टी वगळली तर त्याचा खरा धंदाही साधारण तेवढ्याच दिवसांचा. कामाची माणसं मात्र बाराही महिने सांभाळावी लागतात. त्यात कॉलेजने जास्त भाडं देणाऱ्याला ठेका दिला आणि दरही बांधून दिले, तर कात्री लागते ती भाजीतल्या खोबऱ्याला आणि तेलाला. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. कॅन्टीन हे कॉलेजचं उत्पन्नाचं साधन असू नये. भाडं नाममात्र ठेवा आणि त्या बदल्यात एक पोटभर, स्वस्त थाळी रोज मिळेल अशी अट घाला, हे आम्ही लेखी दिलं होतं.

तेलाबद्दल विचारायला लाजू नका. तळून तळून तेल खराब होतं तसं त्यात ज्या ध्रुवीय संयुगांचं (पोलर कंपाउंड्सचं) प्रमाण वाढतं ते २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम २०१८पासून आहे. त्यांच्याच परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो. तो आहे का बघा.

आता माशांचं. तुमचं कॉलेज सुरू होतं ते नेमकं मासेमारीबंदीच्या दिवसांत: १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. ताजं नुस्तं (मासे) कमी आणि महाग, म्हणून फिश थाळीचा दर बघून दचकू नका. या दिवसांत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर, आणि आमटी-भात हे जेवण उत्तम होतं, किंवा रस ऑम्लेट (मसालेदार रश्शातलं ऑम्लेट) खा. पाठोपाठ श्रावण येतो आणि अर्धा वर्ग शिवराक, म्हणजे शाकाहारी, होतो. एरवीही सोमवार पाळणारे खूप. त्यांना दुसरी थाळी नको असते. डाव वेगळा आहे, तवा वेगळा आहे, याची खात्री हवी असते. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी शिवराक भाजीच्या डावाला लाल दोरा बांधला आणि तो काउंटरवरून दिसेल असा टांगला. त्या दिवसापासून कोणी विचारलं नाही.

बसायला जागा हीसुद्धा मागणीच आहे. घरून डबा आणणाऱ्यांना "काही घेतलं नाही तर उठा" असं कुणी म्हणत असेल तर तो विषय समितीत जरूर मांडा. डबा खाणारी मुलगी चहा घेतेच, आणि नाही घेतला तरी ती त्याच कॉलेजची विद्यार्थिनी आहे.

हॉस्टेलच्या मेसचं थोडक्यात: पैसे भरण्याआधी सुट्टीचा नियम लेखी मागा. किती दिवस सलग गैरहजर राहिलं तर पैसे वजा होतात आणि किती आधी कळवायचं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. चतुर्थीला आठवडाभर गावी जाणाऱ्यांसाठी ही रक्कम लहान नसते. बाहेर खोली घेतली असेल तर आधी महिन्याभराचाच डबा लावा, आणि डबेवाल्या काकींना पहिल्याच दिवशी सांगा, भात उकड्या तांदळाचा हवा की सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा.