लॉकसाठी थांबण्याचा वेळ वेगळा मोजा

ऐरोली-महापेतल्या सॉफ्टवेअर टीमना महिनाअखेरीच्या लोडमध्ये हे चित्र ओळखीचं असेल: सीपीयू निवांत, तरी रिक्वेस्ट रखडलेल्या. अशा वेळी मशीन वाढवण्याआधी लॉक (एका वेळी एकाच कामाला डेटा वापरू देणारं कुलूप) तपासा.

प्रत्येक लॉकचे तीन क्षण नोंदवा: मागितला, मिळाला, सोडला. पहिल्या दोहोंतलं अंतर म्हणजे प्रतीक्षा, त्यापुढचं म्हणजे ताबा. हे दोन आकडे कधीही एकत्र करू नका, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. ताबा लांबत असेल, तर लॉक धरून कोणी नेटवर्क कॉल करतंय का ते आधी बघा. ताबा छोटा पण प्रतीक्षा मोठी, म्हणजे एकाच कीवर (ज्या नोंदीचा लॉक मागितला जातो, तिच्या ओळखखुणेवर) झुंबड उडालीय. ताबा 10 मिलिसेकंदांचा असेल, तर त्या कीवर सेकंदाला 100 पेक्षा जास्त कामं होणारच नाहीत, नोड (मशीन) कितीही जोडा. तिथे की फोडावीच लागते, म्हणजे तिचं काम अनेक कींमध्ये वाटावं लागतं.

वेळ एकाच मशीनच्या मोनोटॉनिक (कधीही मागे न जाणाऱ्या) घड्याळावर मोजा. दोन नोडच्या वेळा एकमेकींतून वजा केल्या, तर एनटीपी (मशीनची घड्याळं जुळवणारी यंत्रणा) असूनही तफावत राहते आणि प्रतीक्षा कधी चक्क उणे दिसते. सरासरीवर तर विसंबूच नका. 99वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे 99 टक्के प्रतीक्षा ज्या आकड्याच्या आत बसतात तो.

पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर 'लॉग लॉक वेट्स' ही सेटिंग चालू ठेवा. 'डेडलॉक टाइमआउट' या सेटिंगमधल्या वेळेपेक्षा जास्त खोळंबलेलं सेशन (डेटाबेसशी जोडणी) लॉगमध्ये येतं. मात्र ही मर्यादा मुळात 1 सेकंदाची असते. त्याखालची प्रतीक्षा तिथे दिसत नाही, म्हणून वर सांगितलेली तीन क्षणांची नोंद हवीच.