एकाच शॉटमध्ये चेहरा बदलण्याची जुनी युक्ती

रूबेन मामुलियन यांच्या १९३१ सालच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ या कृष्णधवल भयपटात फ्रेड्रिक मार्च यांचा सभ्य चेहरा, मध्ये कुठेही कट न घेता, आपल्या डोळ्यांदेखत काळवंडत आणि खप्पड होत जातो. छायालेखक कार्ल स्ट्रस यांची ही युक्ती घरच्या घरी साधता येते, आणि एकांकिका किंवा लघुपट करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

युक्तीचे मर्म असे की, हाइडच्या, म्हणजे जेकिलच्याच दुष्ट रूपाच्या, सुरकुत्या जेकिलच्या चेहऱ्यावर लाल रंगात आधीच रंगवलेल्या असतात. लाल प्रकाशात त्वचा आणि लाल रंग सारखेच उजळ दिसत असल्याने त्या लपतात. हिरव्या प्रकाशात मात्र लाल रंग प्रकाश शोषून घेतो आणि त्याच रेषा काळ्या होऊन वर येतात. स्ट्रस यांनी १९२५ सालच्या ‘बेन-हर’मध्ये कुष्ठरोगी बरे होतात त्या दृश्यासाठी हीच युक्ती उलट्या क्रमाने वापरली होती.

दोन टेबल लॅम्प, काळा पुठ्ठा, मोबाइलचा स्टँड आणि आकाशकंदिलासाठी ठाण्यात स्टेशनरीच्या दुकानांत मिळतो तो लाल व हिरवा जिलेटिन पेपर एवढे साहित्य पुरते. कागद बल्बला टेकू देऊ नये. घोडबंदर रोडवरच्या इमारतींत रात्रीही समोरच्या टॉवरचा उजेड खोलीत येतो, म्हणून खिडकीवर जाड चादर लावावी. बाहेरचा पांढरा उजेड थोडा जरी शिरला, तरी लपलेल्या रेषा दिसू लागतात.

खरे कसब रंगभूषेत आहे. मरून लिपस्टिक लाल प्रकाशातही गडद दिसते, त्यामुळे भडक लाल फेस पेंटच घ्यावा, आणि तो त्वचेपेक्षा उजळ दिसू लागल्यास त्यात थोडे फाउंडेशन मिसळावे. सावळ्या त्वचेवर हिरव्या प्रकाशात फरक कमी पडतो. तिथे आधी पिवळसर बेसचा पातळ हात द्यावा. गालांचे खळगे, भुवयांमधल्या आठ्या आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी बारीक ब्रशने रंगवून कडा बोटाने विरवाव्यात. आरशावर विसंबू नये. मोबाइलच्या कृष्णधवल फिल्टरमधूनच प्रत्येक रेष तपासावी.

चित्रीकरणापूर्वी स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावे. पहिल्या खेपेस मी हे विसरलो आणि दिवा बदलताच कॅमेऱ्याने आपणहून उजेड वाढवला. सगळी मेहनत पाण्यात गेली. दोन्ही दिवे चेहऱ्यापासून सारख्या अंतरावर, शक्य तितके जवळजवळ ठेवावेत. सहकाऱ्याने सुमारे वीस सेकंदांत लाल दिव्यापुढे पुठ्ठा सरकवत न्यावा आणि त्याच वेगाने हिरव्या दिव्यापुढचा काढत जावा. गडकरी रंगायतनसारख्या रंगमंचावरही हे जमेल, पण तिथे प्रेक्षकाला प्रकाशाचा रंग पालटताना दिसतो. तो पालट लपतो तो कृष्णधवल चित्रातच.

नटाने या वीस सेकंदांत मान हलवू नये, मात्र श्वास जड होत जावा आणि जबडा हळूहळू आवळत यावा, कारण प्रकाश केवळ रेषा दाखवतो, नजर बदलण्याचे काम नटालाच करावे लागते. दात, केस अशा मोठ्या बदलांसाठी पुढे कट घ्यावाच लागतो. शॉट ओके झाल्यावर रंग खोबरेल तेलाने सैल करून मगच चेहरा धुवावा.