नोट्स आहेत, पण लिहायला बसलं की काहीच आठवत नाही: माझा अनुभव

लक्षण: बी.एस्सी.चं पहिलं सेमिस्टर, रोज काय वाचायचं ते सांगणारं कोणी नाही. तासन् तास वाचूनही कागद कोरा. रंगीत टाइमटेबल, नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेलं गाइड, व्हिडिओ, कशानेच जमलं नाही. फार वैताग आला.

चाललं ते असं. आधी नागपूर विद्यापीठाच्या साइटवरून सिलॅबसची प्रिंट काढून त्यातल्या ओळींचे प्रश्न केले. म्हणजे नुसतं 'ऑस्मोसिस' (पेशीच्या पडद्यातून पाणी आत-बाहेर जाणं) नाही, तर 'मिठाच्या पाण्यात पेशी का आकसते?' लेक्चरच्या दिवशीच संध्याकाळी, वही बंद ठेवून दहा मिनिटं त्या प्रश्नांवर आठवेल तेवढं लिहायचं. मग वही उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त तो लाल भाग, न बघता, पुन्हा आठवड्याने. आधी वाचून लगेच लिहिलं तर ते नुसतं उतरवणं होतं, डोक्याला शोधावं लागतच नाही.