स्क्रीनशॉटची फाइल लहान कशी करावी

खानापूर किंवा निपाणीहून पुण्यातल्या भावाला कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरील कन्नड उताऱ्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा असेल, तर प्रथम नको असलेला भाग वगळावा. विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्यास हवा तेवढाच चौकोन टिपता येतो. १९२० × १०८० च्या पूर्ण पडद्यात २० लाखांहून अधिक बिंदू असतात आणि त्यातला टास्कबार कोणाच्याच कामाचा नसतो.

खरा प्रश्न फॉरमॅटचा आहे. जेपेग छायाचित्रांसाठी उत्तम असले, तरी ते ८ × ८ बिंदूंच्या ठोकळ्यांत चित्र दाबते, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग उमटतात, आणि कन्नड अक्षराखालचे बारीक जोडचिन्ह किंवा मराठीतला अनुस्वार पुसट झाला, तर उताऱ्यावरचे नावच भलते वाचले जाते. म्हणून मजकुरासाठी अक्षरांच्या कडा न बिघडवणारे पीएनजी हेच फॉरमॅट ठेवावे आणि गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ या मार्गाने रंग २५६ पर्यंत, साध्या काळ्या-पांढऱ्या तक्त्यासाठी १६ पर्यंत, उतरवून फाइल एक्स्पोर्ट करावी.

रुंदी कमी करण्याचा उपाय शेवटी करावा, कारण त्यात अक्षरेही बारीक होतात. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास ते ॲप चित्र स्वतःच पुन्हा दाबते.